पत्र्याखालच्या बिनतारी लहरी

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, जिथे भिंतीला भिंत लावून वर्कशॉप उभी आहेत आणि ज्याच्या त्याच्या पत्र्याखाली स्वतंत्र वाय-फाय यंत्र लुकलुकते, तिथे संदेशवहनाचा बोजवारा उडतो तो पुष्कळदा शेजाऱ्यांच्या लहरींच्या दाटीमुळे. सरकारने २००५ साली परवान्यातून मुक्त केलेल्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परस्परांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. तेव्हा शेजाऱ्याचा पाहून आपला निवडावा, रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. प्रक्षेपणशक्ती कमाल करण्याचा मोह (मालकांना तो हटकून होतो!) मात्र आवरावा, कारण यंत्राची हाक दूर गेली, तरी लोखंडी रॅकांआड उभ्या कामगाराच्या हातातील बारकोड स्कॅनरचे क्षीण उत्तर परत पोचतेच असे नाही. चाकणच्या विस्तीर्ण गोदामांना बेताच्या शक्तीची अनेक यंत्रेच अधिक मानवतात.