जुना कॅमेरा आणि आपलं ऊन
(बारामतीच्या वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



छायाचित्रकार राजा दीनदयाळ, 1854 ची मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी, हा इतिहास तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात शिरत नाही. मी एकच गोष्ट सांगायला आलोय. आपल्या उन्हात फिल्मवर फोटो काढायचा तर मोजमाप सावलीचं घ्या.

(मागून आवाज : “आधी कॅमेरा कुठला घ्यायचा ते सांगा!” हशा.)

सांगतो. माळ्यावर बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक थ्री पडला असेल तर तोच काढा. 120 चा रोल, 12 फोटो. विकतच घ्यायचा तर याशिका मॅट 124 जी बघा. शटर एक सेकंदावर लावून कान द्या. अडखळलं तर आतलं वंगण सुकलंय. भिंगात टॉर्च मारा. जाळ्यासारखी बुरशी दिसली तर व्यवहार तिथेच सोडा. याशिकातला उजेड मोजणारा मीटर पाऱ्याच्या 1.35 व्होल्टच्या सेलवर बेतलेला. 1.5 व्होल्टचा सेल घातला तर तो उजेड जास्त दाखवू शकतो, आणि मार बसतो तो सावलीला. बघा, फिरून तिथेच आलो.

निगेटिव्हवर जास्तीचा उजेड बराच सामावतो. पण जिथे उजेड पोचलाच नाही तिथे ती कोरीच राहते, आणि कोऱ्या निगेटिव्हमधून डार्करूममध्ये काहीही निघत नाही. उसाच्या बांधावर आजी उभी आहे, पदर कपाळावर ओढलेला. मीटर आभाळाला भुलतो आणि आजीचा चेहरा जातो. आपल्या घराघरांतले किती चेहरे असे गेलेत! याचं मला खरंच वाईट वाटतं.

पळसदेवचंच घ्या. उजनी धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं. बाहेर भेगाळलेला गाळ डोळे दिपवतो आणि आत मंडपात अंधार. मी खांबाजवळ गेलो. नक्षीच्या खाचांत वाळलेला गाळ बसलेला, बोटाने उकरला तर पापुद्रा निघाला. तो पापुद्रा मला फोटोत हवा होता. रोल 400 चा. मीटर खांबाच्या सावलीतल्या अंगाला धरला : 1/60 ला एफ 5.6. मीटरला प्रत्येक गोष्ट मध्यम करड्या रंगाची करायची असते, आणि सावली तर गडदच दिसायला हवी, म्हणून दोन पायऱ्या बंद करून एफ 11 वर घेतला. घरी डेव्हलपिंग जरा आखडतं ठेवलं, म्हणजे बाहेरचं ऊन करपत नाही. प्रिंटमध्ये खाच न् खाच आली. त्या मंदिरावर मी तासभर बोलू शकेन...

(संयोजकांची चिठ्ठी येते.)

पाचच मिनिटं? बरं. फिल्टर आणि फिल्मच्या जाती राहिल्या. पुढची मंडळी हातातले मोबाइल दाखवताहेत. (हशा) अहो, मी मोबाइलच्या विरोधात नाही! भिगवणचे रोहित पक्षी खुशाल डिजिटलवर काढा; उडत्या थव्यापुढे 12 फोटो पुरायचे नाहीत. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक रोल आणाच. तो उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. फ्रिजमध्ये ठेवला असेल तर तासभर आधी बाहेर काढून मगच पाकीट फोडा, नाहीतर फिल्मवर दव धरतं. आणि मीटर आभाळाकडे नको, पदराखाली धरा.