डावा हात आणि बास गिटार

डावखुऱ्याने नेहमीची बास गिटार नुसती उलटी धरली, तर जाड तार खाली जाते आणि बोटांचा सारा हिशेब चुकतो. तारांचा क्रम फिरवावा, तर मानेच्या टोकावरील पट्टीच्या खाचा आड येतात. बारीक तारेच्या खाचेत जाड तार बसावी कशी? खाचा नव्याने कोराव्याच लागतात.

शिवाय माथा उलटा होऊन, एका रांगेतील खुंट्यांपैकी जाड तारेची खुंटी सर्वांत दूर जाते. तेवढ्याने स्वर भारदस्त होतो, असे कित्येक वादक सांगतात. मला ते पटत नाही. पट्टी आणि घोडी यांमधील कंप पावणारी लांबी तेवढीच राहते; बोटाला ताण किंचित निराळा लागेल, इतकेच.

पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हॅम्बुर्ग येथे हॉफ्नरची बास घेतली, ती व्हायोलिनच्या घाटाची. दोन्ही अंगे सारखी, त्यामुळे डाव्या हातीही ती विचित्र दिसली नाही.