वाट पाहण्याचं मोजमाप



सातारा-सांगलीकडच्या माणसाला पाण्याची पाळी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. एका विहिरीत चार भावांचा हिस्सा असतो. ज्याची पाळी त्यानं दारं धरायची, बाकीच्यांनी वाट पाहायची. कालव्यावरही हाच न्याय; तिथं तिला शेजपाळी म्हणतात. आज मी संगणकावरच्या पाळीविषयी बोलणार आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण वाट पाहणं हा तर कवीच्या हक्काचा विषय, म्हणून हे धाडस.

1961 साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता येतं हे दाखवून दिलं. त्याआधी भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि उत्तरासाठी तासन्‌तास थांबायचं, अशी रीत होती. आता टर्मिनलवर बसलेल्या प्रत्येकाला संगणक क्षणभर पाळी देई आणि पुढच्याकडे वळे. याला टाइम-शेअरिंग म्हणतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही 1970च्या दशकात डेक-10 हा संगणक याच पद्धतीनं चालत असे.

एमआयटीत तेव्हा ॲलन शेर नावाचे विद्यार्थी होते. त्यांच्या वाट्याला आठवड्याला 4 तास येत. ते पुरेनात, म्हणून 1962 साली त्यांनी सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम केलं. पुढे खूप वर्षांनी त्यांनी हे स्वतःच सांगितलं. पण त्यांचं खरं काम वेगळं आहे. 1965च्या प्रबंधात त्यांनी ही पाळी मोजली. हुकूम दिल्यापासून उत्तर येईपर्यंत किती वेळ जातो? माणूस पुढचा हुकूम द्यायला किती वेळ घेतो? प्रत्येकाचा प्रोग्रॅम केवढा असतो?

प्रोग्रॅमचा आकार कशाला मोजायचा? त्या संगणकाच्या स्मृतीत वापरणाऱ्यासाठी 32,768 शब्दांची जागा होती आणि एका वेळी तिथं एकाचाच प्रोग्रॅम चाले. दुसऱ्याची पाळी आली की पहिल्याचं बिऱ्हाड हलवून त्याचं आत आणायचं. सामान जास्त, तर हलवायला वेळ जास्त, आणि तो वेळ जाई सगळ्यांचाच.

मोजणीतून काय निघालं? दोन हुकमांच्या मध्ये माणूस सरासरी सुमारे 35 सेकंद घेतो. यंत्राला मात्र एका हुकमासाठी सरासरी एक सेकंदसुद्धा लागत नाही. म्हणजे एकजण विचार करतो तेवढ्यात तीसेक जणांची कामं उरकतात. माणसं थांबून विचार करतात, म्हणून एक यंत्र अनेकांना पुरतं! पण यालाही मर्यादा आहे. यंत्राला उसंतच उरली नाही, की नंतर येणारा प्रत्येक नवा माणूस सगळ्यांचीच वाट लांबवतो. शेर यांनी हे सारं अगदी साध्या गणितात बसवलं, आणि त्या गणिताची उत्तरं प्रत्यक्ष मोजलेल्या वेळांशी बरीच जुळली.

हे आज का सांगतोय? आमच्या गल्लीतल्या एक चाची शेतमजुरी करतात. रेशन दुकानात अंगठा लावायला गेल्या, तर ‘सर्व्हर डाऊन’. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोन दिवसांची मजुरी बुडाली, तेव्हा कुठं तांदूळ मिळाला.

तो सर्व्हर म्हणजेसुद्धा पाळीचंच यंत्र. दुकानदार धान्य मापतो, तेवढ्या वेळात सर्व्हर दुसऱ्या गावातला अंगठा तपासतो. मात्र साऱ्या गावांतली दुकानं एकाच सकाळी उघडली आणि सर्व्हरची ताकद तेवढी नसली, की त्याची उसंत संपते आणि रांग दाराबाहेर जाते. यावर उपाय आहेत. गावांचे दिवस वाटून देता येतात, यंत्राची ताकद वाढवता येते. पण त्याआधी मोजावं लागतं, आणि मोजायचं ते अंगठा लावल्यापासून पावती हातात पडेपर्यंत. एका अंगठ्याला सर्व्हरनं किती सेकंद घेतले, या आकड्यात चाचींचे दोन दिवस कुठंच दिसत नाहीत. सरासरीतही दिसत नाहीत, कारण शंभर जणांचं काम झटपट झालं की एकाचा खोळंबा त्यात बुडून जातो.

आपल्या शेतकऱ्याला हे कधीचंच ठाऊक आहे. कालव्याच्या तोंडाशी मोजलं तर पाणी भरपूरच दिसतं. ते खरोखर पुरतं का, हे टेलच्या शेतात उभं राहूनच मोजावं लागतं.