छिन्न मनाचें रसायन

मनाचा विकार घरांत शिरला कीं त्याचा दोष कोणाच्या तरी माथीं मारण्याची रीत फार जुनी आहे. कोणी करणीकडे बोट दाखवितो, कोणी पूर्वकर्माकडे. वैद्यकानेंहि हा मोह सर्वस्वी टाळला असें नाहीं. स्वित्झर्लंडचे मानसवैद्य ऑयगेन ब्लॉयलर यांनीं १९०८ सालीं ज्या विकाराला ‘स्किझोफ्रेनिया’ हें नांव दिलें, त्या छिन्नमनस्कतेचें मूळ रुग्णाच्या आईच्या वागणुकींत आहे, ही कल्पना १९४८ मध्यें अमेरिकेंतील फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांच्या लेखनांतून पुढें आली. मुलाच्या दुःखानें आधींच खचलेल्या अनेक मातांना त्यानंतर अपराधाचेंहि ओझें वाहावें लागलें. तें उतरविण्यास मेंदूंतील रेणूंच्या अभ्यासानें मोठा हातभार लावला आहे.

या रोगांत नसलेले आवाज ऐकूं येतात, कोणी पाळतीवर आहे असा भ्रम जडतो. त्याचबरोबर उत्साह ओसरतो आणि विचारांची सांखळी निसटते. पॅरिस येथें १९५२ मध्यें क्लोरप्रोमाझीन या औषधानें आवाज व भ्रम शमूं लागले. कां, तें मात्र कोणास ठाऊक नव्हतें.

उत्तराच्या वाटेवर एका भारतीय वनस्पतीनेंहि साहाय्य केलें. सर्पगंधेचें मूळ उन्मादावर उपयोगी पडतें, असें कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ मध्यें लिहिलें होतें. तिच्यांतून काढलेलें रेसर्पीन स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनीं सशांना दिलें, तेव्हां ते निश्चेष्ट पडले. शरीरांत ज्यापासून डोपामाइन बनतें तो एल-डोपा टोंचतांच ते पुन्हां हालूं लागले. १९५७ च्या या प्रयोगानें डोपामाइन हा मेंदूंतील एक निरोप्या आहे याकडे लक्ष वेधलें. क्लोरप्रोमाझीनच्या जातीचीं औषधें त्याला चेतापेशीच्या दारांतच अडवितात. डी-२ नांवाच्या या दाराशीं औषध जितकें घट्ट चिकटतें, तितकी त्याची मात्रा कमी पुरते, हें १९७६ पर्यंत दिसून आलें.

परंतु आवाज थांबले तरी ओसरलेला उत्साह सहसा परतत नाहीं. म्हणून दृष्टि चेतापेशींच्या सांध्यांकडे वळली. मरणोत्तर मेंदूंच्या तपासणींत, कपाळामागील भागांत, पेशींच्या शाखांवरील सूक्ष्म काटे विरळ झाल्याचें २००० मध्यें आढळलें. निरोप बव्हंशीं याच काट्यांवर उतरतात. पुढें २०१६ मध्यें हार्वर्डच्या स्टीव्हन मॅकॅरोल यांच्या पथकानें दाखविलें कीं, सी-४ हें प्रतिकारशक्तीचें प्रथिन अधिक बनविणारीं जनुकें असल्यास धोका वाढतो. उंदरांत हें प्रथिन नको असलेले सांधे छाटण्यास मदत करतें. माणसांत ही छाटणी कुमारवयांत जोरानें चालते आणि रोगहि बहुधा त्या सुमारास किंवा ऐन तारुण्यांत प्रकट होतो. छाटणी अति झाली असावी, असा तर्क त्यावरून निघतो.

याच पथकानें २०२४ मध्यें १९१ मृत व्यक्तींच्या मेंदूंचा पेशीवार अभ्यास प्रसिद्ध केला. सांधे राखणारीं चेतापेशींतील जनुकें व कोलेस्टेरॉल बनविणारीं तारकापेशींतील जनुकें रुग्णांत एकदमच मंदावलेलीं दिसलीं. वार्धक्यांतहि तसेंच घडतें.

हे सारे फरक सरासरीचे आहेत. रुग्ण व निरोगी यांचे आंकडे एकमेकांत मिसळतात. त्यामुळें रक्त तपासून निदान आजहि होत नाहीं, तें रुग्णाशीं व घरच्यांशीं बोलूनच करावें लागतें. शिवाय वर्षानुवर्षें घेतलेल्या औषधांचा परिणाम वेगळा काढण्यासाठीं तींच औषधें दिलेल्या माकडांच्या मेंदूंशीं तुलना करावी लागते. औषधांचा मार्ग मात्र रुंदावत आहे: अमेरिकेंत सप्टेंबर २०२४ मध्यें मान्यता मिळालेलें झॅनोमेलिन-ट्रोस्पियम डोपामाइनचें दार न अडवितां दुसऱ्याच ग्राहकांमार्फत काम करतें.

एकच रसायन वा एकच जनुक या रोगाचें कारण ठरलेलें नाहीं, आणि आईचा स्वभाव तर नाहींच नाहीं. तथापि घराचें मोल कमी होत नाहीं. जेथें टीका व टोमणे कमी, तेथें रोग उलटण्याचें प्रमाणहि कमी, असें १९७० च्या दशकांत लंडनच्या अभ्यासांत दिसलें. निर्दोष ठरलेल्या त्या आईच्या हातीं औषधाची वेळ सांभाळणें आहे, आणि गोड शब्दहि आहे.