‘स्वभावच तसा’ म्हणण्यापूर्वी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जळगावात समुपदेशनाचे काम करताना आईवडिलांच्या तोंडून एक वाक्य मी नेहमी ऐकते : “तिचा स्वभावच तसा आहे.” तसा म्हणजे कसा, असे विचारले की हळूहळू सगळे बाहेर येते. सकाळी हसतखेळत असलेली मुलगी दुपारी एका शब्दावरून पेटते आणि रात्री रडत माफी मागते. जिवाभावाची मैत्रीण एकदा फोन उचलत नाही, तेवढ्यावरून ती वैरीण ठरते. हातावर स्वतःच करून घेतलेल्या जखमांचे वण असतात आणि ते झाकण्यासाठी आपल्याकडच्या मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा ड्रेस घातला जातो. मनात काय चालते, असे विचारले तर उत्तर मिळते, “आत सगळे रिकामे वाटते.”

घरातले याला नखरे म्हणतात, कुणी ‘बाहेरचे’ झाले म्हणून भगताकडे नेतात. नातेवाइकांचा सल्ला तर ठरलेलाच : “लग्न करून टाका, येईल ठिकाणावर.” पण ही लक्षणे वर्षानुवर्षे एकत्र दिसत असतील, तर त्यामागे एक आजार असू शकतो. त्याचे नाव बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार.

हे नाव जुने आहे. 1938 मध्ये अमेरिकेतील मनोविश्लेषक अडॉल्फ स्टर्न यांनी सौम्य आणि तीव्र मनोविकारांच्या सीमेवर वाटणाऱ्या रुग्णांसाठी ‘बॉर्डरलाइन’ हा शब्द वापरला. 1980 मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या अधिकृत यादीत या आजाराला जागा मिळाली. आज आपण तो वेगळ्या रीतीने समजून घेतो. गाडीचा ॲक्सिलरेटर फार हलका आणि ब्रेक सैल असावा, तसे या माणसांच्या भावनांचे असते. भावना चटकन उसळते, टोकाला जाते आणि ओसरायला वेळ घेते. काही अंशी हे जन्मतः येते. त्यात लहानपणी मारहाण, अत्याचार, आबाळ किंवा ‘रडायला काय झाले तुला?’ असे सतत झिडकारणे यांची भर पडू शकते. पण प्रत्येक रुग्णाच्या घरात असे घडलेलेच असते, असे मुळीच नाही. त्यामुळे आईबापांना दोष देऊन काही साधत नाही.

निदान मात्र घरी बसून करू नये. डॉक्टर नऊ लक्षणे तपासतात. त्यांपैकी किमान पाच दीर्घकाळ दिसावी लागतात. बायपोलर या आजाराशी याची गल्लत होते. तिथे एक मनःस्थिती कित्येक दिवस किंवा आठवडे टिकते, इथे ती काही तासांत पालटते. शिवाय हा फक्त मुलींचा आजार नव्हे. मुलग्यांमध्ये तो भांडणे, दारू, बेफाम गाडी चालवणे यांखाली झाकला जातो आणि ‘पोरगा वाया गेला’ म्हणून विषय संपतो.

आता सर्वांत महत्त्वाच्या शब्दाकडे येते. तो शब्द आहे ‘नाटक’. जिवाचे बरेवाईट करून घेईन, असे वारंवार म्हणणाऱ्या माणसाला आपण नाटकी ठरवतो. श्रोतेहो, या आजारात आत्महत्येने मृत्यू होण्याचे प्रमाण इतरांच्या मानाने कितीतरी पट अधिक आहे. दहा वेळा काही झाले नाही, म्हणून अकराव्यांदा होणार नाही असे नसते. असे बोलणे ऐकले तर शांतपणे, सरळ विचारा, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. धोका वाटला तर माणसाला एकटे सोडू नका. आपल्या खानदेशात कपाशीवरच्या फवारणीची औषधे घरातच ठेवलेली असतात. ती आणि घरातल्या गोळ्या कुलूपबंद ठेवा. टोकाचा क्षण बहुधा थोडा वेळच टिकतो आणि तेवढ्यात हाताशी काही नसले तर जीव वाचतो.

उपचार आहेत का? आहेत आणि त्यातला मुख्य उपचार बोलण्याचा आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी या रुग्णांसाठी ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’ म्हणजे डीबीटी ही पद्धत घडवली. तिचा पहिला शास्त्रीय अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. भावना उसळली की हात आवरायचा कसा, थांबायचे कसे, भांडण न करता मागायचे कसे, ही कौशल्ये त्यात शाळेसारखी शिकवली जातात. 2011 मध्ये लिनेहान यांनी जाहीरपणे सांगितले, की 1961 मध्ये, सतराव्या वर्षी, त्या स्वतःच मनोरुग्णालयात दाखल होत्या आणि स्वतःला इजा करून घेत होत्या. या दुखण्यातून गेलेल्या व्यक्तीनेच त्यावरचा उपचार उभा केला.

“पण ताई, असे तज्ज्ञ मुंबई-पुण्यात. आम्ही चाळीसगाव-शिरपूरचे लोक काय करणार?” हा प्रश्न रास्त आहे. कॅनडातील टोरांटो येथे 180 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना डीबीटी दिली. निम्म्यांना या आजाराची नीट जाण असलेल्या मानसोपचारतज्ज्ञांनी दर आठवड्याला भेटून उपचार दिले. वर्षअखेर दोन्ही गट सारखेच सुधारले. म्हणजे मोठ्या शहरातला खास उपचार मिळाला नाही म्हणून सगळे संपत नाही. आजार ओळखणारा जवळचा डॉक्टर आणि नेमाने होणारी भेट, एवढ्यावरही पुष्कळ होते. या आजारावर खास असे एकही औषध नाही. सोबत नैराश्य वा झोपेचा त्रास असेल तर गोळ्या देतात, पण चिठ्ठी घेऊन दोन मिनिटांत बाहेर पडलो, असा हा उपचार नव्हे.

अडचण वेगळीच आहे. हा आजारच रुग्णाला उपचारापासून तोडतो. पहिल्या महिन्यात डॉक्टर देव असतात. मग एखादी भेट पुढे ढकलली जाते, एखादा शब्द लागतो आणि तेच डॉक्टर दगड ठरतात. “पुन्हा जाणार नाही” असे जाहीर होते आणि घरचेही म्हणतात, राहू द्या, गुण कुठे येत होता? मी प्रत्येक कुटुंबाला हे पहिल्याच दिवशी सांगते : रागावण्याचा दिवस येणारच आहे. त्या दिवशी जायचे सोडू नका. तो राग घेऊनच डॉक्टरांसमोर बसा. इथूनच खरा उपचार सुरू होतो. डॉक्टर बदलायचेच असतील तर तो निर्णय शांत दिवशी घ्या.

आणि धीर धरायला कारण आहे. अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयात मेरी झनारिनी यांनी 290 रुग्णांचा पाठपुरावा केला. दहा वर्षांत त्यांपैकी 93 टक्के रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षे ओसरलेली राहिली. नोकरी वा शिक्षण आणि जवळची नाती सांभाळण्याइतके बरे मात्र निम्मेच झाले. म्हणून लक्षणे ओसरली तरी शिक्षण, काम आणि सोबत यांचा आधार लागतोच.

घरच्यांनी काय करावे? भांडण पेटले असताना उपदेश करू नये. “तुला फार त्रास होतोय, हे दिसते आहे,” एवढे म्हणावे. भावना मान्य करणे म्हणजे प्रत्येक मागणी मान्य करणे नव्हे. नियम थोडे ठेवा आणि आज एक, उद्या दुसरा असे करू नका. स्वतःच्या झोपेकडे आणि तब्येतीकडेही पाहा.

जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभागात चौकशी करता येते. दूर राहणाऱ्यांना व्हिडिओवरून सल्ला घेता येतो, 2020 पासून त्याची अधिकृत नियमावली आहे. ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि मराठीतही बोलता येते. पोलिसांच्या भीतीने कुणी प्रसंग लपवू नये. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिला शिक्षा करायची नसून उपचार द्यायचे असतात. तेव्हा विष पोटात गेले असेल तर एक क्षणही न दवडता 108 ला फोन करा आणि दवाखाना गाठा.

तुमच्या घरात असे कुणी असेल, तर या आठवड्यात एवढेच करा. डॉक्टरांची वेळ घ्या आणि तिच्यासोबत, त्याच्यासोबत तुम्हीही जा. बाहेरच्या बाकावर बसून राहिलात तरी चालेल.