रात्री बंड करणारे पाय

दिवसभर निमूटपणे राबणारे पाय अंथरुणाला पाठ टेकताच बंड करून उठतात, अशी तक्रार घेऊन कित्येक माणसे वैद्याच्या दारी येतात. पोटऱ्यांच्या आत किडे वळवळल्यासारखे वाटते. पाय हलविल्यावाचून राहवत नाही. उठून चार पावले टाकली की तेवढ्यापुरता आराम पडतो. रात्र अशी येरझारांत सरल्यावर सकाळी घरच्या मंडळींकडून सहानुभूतीऐवजी उपदेश मिळतो, कारण त्यांच्या मते हे सारे मनाचे खेळ!

वस्तुतः हा विकार जुनाच. टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने सतराव्या शतकात त्याचे वर्णन करताना रोग्याच्या अंथरुणाला यातनागृहाची उपमा दिली. १९४५ साली स्वीडनच्या डॉ. एकबॉम यांनी ‘अस्वस्थ पाय’ हे नाव रूढ केले. मेंदूतील लोहाची उणीव हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. डोपामीन हे द्रव्य घडविण्यास मेंदूला लोह लागते.

आता हे लोह शरीरात शिरते कोठून? लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातून. तेथे जीवाणूंची वस्ती स्वभावतः विरळ असते. ती बेसुमार वाढली, तर पोट फुगते, शौचाची घडी बिघडते. दाह निर्माण झाला की यकृतातून हेप्सिडिन नावाचे द्रव्य अधिक स्रवते आणि अन्नातील लोहाची वाट अडविते. २०११ साली अमेरिकेत अशा ३२ रोग्यांची श्वासपरीक्षा झाली, तेव्हा ६९ टक्क्यांच्या आतड्यांत ही वाढ आढळली. इतर सामान्य लोकांत ते प्रमाण २८ टक्के होते. रोग्यांची संख्या अल्प आहे, आणि दोन विकार एकत्र नांदतात म्हणून एक दुसऱ्याचा जनक ठरत नाही, हे खरेच. तरीही ही दिशा उपेक्षणीय नाही.

पुष्कळदा रोगी पोटाची तक्रार एका डॉक्टरांना सांगतो, पायांची कोणालाच नाही. रक्तातील हिमोग्लोबिन पुरेसे असूनही लोहाचा साठा रिता असू शकतो. तो फेरिटिनच्या तपासणीने कळतो. या विकारात प्रौढाचे फेरिटिन लिटरला ७५ मायक्रोग्रॅम वा त्याहून कमी असल्यास डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. मनाने गोळ्या घेणे मात्र धोक्याचे. जादा लोह यकृताला बाधते. शिवाय ओकारी थांबविण्यासाठी दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइड डोपामीनच्या कार्यात अडथळा आणते. पोटासाठी घेतलेल्या त्या औषधाने पायांची तळमळ त्याच रात्री वाढू शकते.