एकच गोळी, वेगवेगळी शरीरं

(माणिकपूर येथील सभेत केलेले भाषण)



मानसिक त्रास हा आजार आहे, आसेब नाही, हे आपण या व्यासपीठावरून अनेकदा बोललो. आज त्याच्या पुढचं बोलते. माणूस डॉक्टरकडे जातो, गोळी सुरू होते आणि महिन्याभरात घरातच कुजबुज होते: 'नुसता झोपतो, वजन वाढलंय, हात थरथरतात. बंद कर त्या गोळ्या.' शेजारच्याला तीच गोळी मानवते, मग आपल्यालाच त्रास का?

कारण गोळी फक्त मेंदूत जात नाही, रक्तातून सगळ्या शरीरात फिरते. नैराश्यावरच्या पुष्कळ गोळ्या सेरोटोनिनवर काम करतात आणि शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं. म्हणून सुरुवातीला मळमळतं. ओलान्झापिनने भास कमी होतात, पण ते हिस्टामिनलाही अडवतं. त्यामुळे झोप आणि भूक वाढते. डोपामाइन अडवणाऱ्या औषधांनी काहींचं अंग ताठरतं.

शिवाय बहुतेक औषधं यकृतातली एन्झाइम्स मोडतात. ती कुणाची जन्मतःच वेगवान, कुणाची संथ. तेवढ्याच डोसने एकाला काहीच वाटत नाही, दुसऱ्याला दिवसभर गुंगी येते. विडी-सिगारेटच्या धुराने यातलं एक एन्झाइम जोरात चालतं आणि क्लोझापिनसारखं औषध रक्तात कमी उरतं. अशा माणसाने सिगारेट एकदम सोडली, तर त्याच डोसने औषध रक्तात वाढतं. म्हणून सिगारेट जरूर सोडा, पण डॉक्टरांना सांगून.

आता घरचं सांगते. माझा धाकटा भाऊ लिथियम घेतो. 2018 चा रमजान मे-जूनमध्ये आला होता. वसईचा तो घामाचा उकाडा तुम्हाला ठाऊक आहे. भावाने कुणाला न विचारता रोजे धरले. काही दिवसांनी म्हणाला, "आपा, पेला हातात राहत नाही." मग उलट्या झाल्या, जीभ जड झाली. अम्मी म्हणाली, रोजाची कमजोरी आहे. मीही तेच मानलं. तपासणीत रक्तातलं लिथियम फार वाढलेलं निघालं.

लिथियम हा एक क्षार आहे. तो यकृतात मोडत नाही, किडनीवाटे बाहेर जातो. घामाने पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी मीठ धरून ठेवते, त्याबरोबर लिथियमही. उपयोगाची पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडंच असतं. गोळी तीच होती, डोसही तोच होता. बदललं होतं भावाचं शरीर.

आजारी माणसाला रोजातून सवलत कुरआननेच दिली आहे. तरी 'लोक काय म्हणतील' म्हणून आपली माणसं ती घेत नाहीत, आणि गोळ्या घेतो हेही लपवतात. माझ्या भावाच्या जिवावर बेतलं ते या लपवण्यामुळे.

म्हणून माझी विनंती आहे. रमजानच्या आधीच डॉक्टरांशी बोला: रोजा धरू का, गोळीची वेळ बदलू का? त्रास झाला तर कधी, किती, सोबत दुसरं कोणतं औषध घेतलं, हे लिहून न्या. आयब्युप्रोफेनसारख्या साध्या दुखण्याच्या गोळीनेही लिथियम वाढू शकतं. मनाने गोळी बंद करू नका, आजार उलटतो. पण लिथियम घेणाऱ्याला उलट्या, जोराची थरथर किंवा जीभ जड झाली, तर पुढचा डोस घेण्याआधी लगेच दवाखाना गाठा.

आणि विचारायला संकोच कसला? 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांचे ज्ञात दुष्परिणाम जाणून घेण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. बोलायला कुणीच नसेल, तर सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे.

माझा भाऊ आजही लिथियम घेतो आणि कामावर जातो. रोजा धरत नाही, पण इफ्तारची फळं तोच कापतो. आमच्या घरात आता हे कुणापासून लपवलेलं नाही. तुमच्याही घरात लपवू नका.